अकरा नद्यांची ओटी

जर्मनीत शिकायला गेलेल्या आमच्यासारख्यांचा खरा आठवडा शुक्रवारी दुपारी सुरू व्हायचा. सोमवारपासून तोवर आम्ही विद्यार्थी असायचो, तेही नाइलाजानं. विद्यार्थ्यांच्या पासावर रेल्वेनं मनसोक्त हिंडता यायचं, व्हिसा एकच, आणि देश इतके जवळजवळ की नागपूरहून भंडाऱ्याला जाऊन यावं तसं सकाळी निघून जेवायला दुसऱ्या देशात. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फळ्यावर दर आठवड्याला सहलीचा नवा कागद लागायचा. नाताळची लांब सुटी, ईस्टरची छोटी सुटी, आणि मधूनच एखाद्या गुरुवारी सण आला की शुक्रवार बुडवून चार दिवस मोकळे. दोन वर्षांत मी जेवढी फिरले तेवढं आमच्या घराण्यात कोणी फिरलं नसेल. तरी त्या फिरण्याबद्दल कोणी विचारलं की मी विषय बदलते. का बदलते, ते आज लिहून टाकते.

मी आत्याकडे वाढले, नागपुरात सक्करदऱ्याला. वडिलांची बदलीची नोकरी, दर तीन वर्षांनी नवं गाव. शाळेचे हाल नकोत म्हणून आठवीत मला त्यांनी त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या घरी ठेवलं, ती मी पार विमानात बसेपर्यंत तिथंच होते. आत्या ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, भिंतीला टेकून गिऱ्हाइकांचे गठ्ठे, आणि मशीनच्या खणात मापांची एक जाडजूड वही. आसपासच्या दोन-तीनशे बायकांची छाती-कंबर त्या वहीत आहे, आणि कोणाची कधी किती वाढली हेही आत्याला तोंडपाठ आहे. पण ते ती कधी बाहेर बोलत नाही. याबाबतीत तिच्या तोंडाला कुलूप असतं.

तिचा नवरा ती तिशीत असताना गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून आत्यानं कोणाची ओटी भरली नाही आणि तिचीही कोणी भरली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका तिनं शिवलेले ब्लाउज घालून मिरवायच्या आणि ही घरी हुक लावत बसलेली. मी कॉलेजात असताना यावरून तिच्याशी कडाकडा भांडायचे. कसल्या जुनाट गोष्टी धरून बसतेस, बायका राहू दे, तूच स्वतःला वाळीत टाकलंयस, वगैरे. माझी जीभ तेव्हा फार चालायची. ती दोरा दातानं तोडत म्हणायची, "राहू दे वं. मले सवय झाली आता."

तिला एकच हौस होती, ती नदीची. नवरा होता तोवर दोघं स्कूटरवर कन्हानला जायची, कधी वैनगंगेपर्यंत. नदी दिसली की आत्या तिची ओटी भरायची. तांदूळ, हळद-कुंकू, खण, नारळ. नदी रिकाम्या हातानं ओलांडायची नाही, असा तिच्या माहेरचा, म्हणजे आमच्याच घरचा, रिवाज. नवरा गेल्यावर तेही बंद पडलं. महिला मंडळाच्या बायकांबरोबर ती दर वर्षी बसनं नर्मदेला जायची तेवढंच. मात्र रोज आंघोळीच्या पाण्यात सात नद्या बोलवायचा श्लोक ती मोठ्यानं म्हणायची. श्लोक झाला की खात्री म्हणून सातही नावं पुन्हा एकदा सावकाश घ्यायची, शाळेत हजेरी घेतात तशी. मी लहानपणी त्या हजेरीनंच उठायचे.

मी जर्मनीला निघाले त्याच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या हातात एक थैली ठेवली. ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांची, हिरवी-जांभळी, नाडी ओवलेली. आत एका पुडीत हळद, एका पुडीत कुंकू आणि मूठभर तांदूळ.

"तिकडं नद्या लय मोठ्या हायेत म्हणतात," ती म्हणाली.

"आहेत ना."

"मग जिथं जाशील तिथल्या नदीची ओटी भरजो. माझ्याकडून. कुमारिकेचा हात चालते."

"आत्या, तिथं नदीत काही टाकलं तर पकडतात."

"मी कुठं नारळ टाक म्हणून राहिली? चिमूट हळद, चिमूट कुंकू, पाच दाणे तांदूळ. कोणाले दिसणार बी नाही. आणि हात बुडवजो पाण्यात. म्हणजो, आत्यानं पाठवलं."

सवय झाली म्हणणाऱ्या बाईनं वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं अशी सबब मला सांगता येत नाही.

पहिली सहल होती ऱ्हाइनच्या काठच्या शहराची. आम्ही आठजण होतो. त्यात माझ्या शेजारच्या खोलीतली पुण्याची एक मुलगी होती, तिच्याशी माझी नवी नवी मैत्री जमत होती. तिच्यासमोर मी 'मले-तुले' गिळून बोलायचे. आत्याचा फोन आला की खोलीबाहेर जायचे. आम्ही मोठ्या पुलावरून खाली उतरून पाण्यापाशी गेलो. काठावर पायऱ्या होत्या, दोन बदकं होती, हात घालावा इतकं पाणी जवळ. मी पाठीवरची बॅग पुढं घेतली आणि थैली काढली.

"हे काय गं?" तिनं विचारलं. मग वास घेऊन हसली. "हळद? तू नदीची पूजाबिजा करणार आहेस की काय?"

हसण्यात खोच नव्हती. मी "हो" म्हटलं असतं तर तिनं कदाचित माझा फोटोही काढला असता. पण मागं बाकीचे सहाजण येत होते, त्यात एक इटलीचा, एक ब्राझीलची, आणि मला एकदम कानामागं गरम झालं. मी म्हटलं, "छे, घरून मसाले दिलेत, बॅगेतच राहिले." थैली आत, चेन बंद. मग आम्ही खूप फोटो काढले. त्या फोटोत मी छान दिसते.

दुसऱ्या दिवशी रविवारी आत्याचा फोन आला. रविवारी तिचं मशीन बंद असतं.

"नदी लागली काय?"

"लागली. ऱ्हाइन."

"भरली ओटी?"

"हो, भरली."

"अव माय! पाणी कसं होतं?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "थंड," मी म्हटलं.

"थांब, लिहून घेते," ती म्हणाली, आणि मशीनचा खण उघडल्याचा आवाज मला सातासमुद्रापलीकडे ऐकू आला. मापांच्या वहीच्या मागच्या बाजूनं तिनं नद्या लिहायला घेतल्या होत्या.

पुढच्या वेळी नक्की भरू, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या वेळी प्राग होतं. तिथं दिवसभर चालून पाय मोडले आणि ओटीचं मी विसरलेच. फोनवर "भरली." पाणी? "थंड." व्हिएन्नात आठवण होती पण थैली खोलीत राहिली होती. पॅरिसला थैली सोबत होती, पण गर्दी होती. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा त्रास होत नाही, तिसऱ्यांदा तर त्यात सफाई येते. मी तपशील भरायला लागले. कुठं हंस होते, कुठं पुलाखाली एक म्हातारा व्हायोलिन वाजवत होता. हंस आणि म्हातारा खरे होते, ओटी तेवढी खोटी. एका सहलीची तर गाडीच रद्द झाली, आम्ही स्टेशनवर कॉफी पिऊन परत आलो, पण आत्या आठवडाभर "आता कोणती?" विचारत होती. म्हणून मी नकाशात बघून स्वित्झर्लंडमधल्या एका नदीचं नाव सांगून मोकळी झाले. तिचंही पाणी थंड.

हळदीचं झालं ते असं. पहिल्याच हिवाळ्यात आमच्या मजल्यावर रविवारी आळीपाळीनं आपापल्या गावचं जेवण करायचं ठरलं. माझी पाळी आली. मी नागपूरचे तर्री पोहे करते म्हणून सगळीकडे सांगून बसले होते, तर्रीचं, म्हणजे चण्याच्या रश्श्याचं, तेल वर तरंगतं वगैरे वर्णन करून झालं होतं. चणे शिजले, कांदा चिरून झाला, आणि पाहते तर हळदीचा डबा रिकामा. रविवारी तिथं झाडून सगळी दुकानं बंद असतात. मी दोन मिनिटं विचार केला. खरं सांगायचं तर एक मिनिटही नाही. कपाट उघडलं, थैली काढली, आत्याची पुडी सोडली आणि कढईवर झटकली. कुंकवाची पुडी त्या धांदलीत सांडली, ती पुसून केराच्या डब्यात टाकली. तांदूळही त्यातच गेले. पोहे झकास झाले. ब्राझीलच्या मुलीनं तीनदा घेतले. थैली धुऊन मी त्यात कानातली ठेवायला लागले, आणि तासाभरानं फोन आला तेव्हा आत्याला एल्बची ओटी भरल्याचं सांगितलं.

त्याच फोनवर ती म्हणाली, "तुझ्या नद्या मी रोज आंघोळीले घेऊन राहिली. सात झाल्या की तुझ्या घेते." मी हसले. मला वाटलं, गंमत करते आहे.

दुसऱ्या वर्षीच्या परीक्षा संपल्यावर मार्चमध्ये मी सुटीला घरी आले. पहिल्याच सकाळी जाग आली ती हजेरीनं. न्हाणीघरातून आत्याचा आवाज येत होता, गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी, आणि मग श्वासही न घेता, ऱ्हाइन, लतावा, डानूब, सीन. आणि पुढच्याही, माझ्या अकराच्या अकरा. प्रागच्या व्लताव्हाची लतावा झाली होती, पण क्रम चुकला नव्हता. मी ब्रश तोंडात धरून बाहेर उभी होते. तोंडातला फेस गिळला गेला तेही कळलं नाही.

ती न्हाऊन बाहेर आली तर माझी उघडी बॅग तिला दिसली. त्यात थैली होती. तिनं उचलली, नाडी सोडली, आत बोट घालून पाहिलं. कानातली मी वेगळी काढली होती. आत अस्तराला पिवळा डाग राहिला होता, धुऊनही न गेलेला.

"सगळी सरली ना!" ती म्हणाली. तिचा चेहरा मी कधी इतका खुललेला पाहिला नव्हता. "दाणा बी नाही उरला." रिकामी थैली तिनं कपाळाला लावली आणि देवघरात नेऊन ठेवली. तेव्हा बोलायचं होतं. मी चहा टाकायला गेले.

मग कळलं की तिनं उद्यापन ठरवलंय. व्रत पुरं झालं की करतात तसं. अकरा नद्या, म्हणून अकरा बायका बोलवायच्या, एकेक बाई म्हणजे एकेक नदी, आणि त्यांच्या ओट्या मी भरायच्या. कुमारिकेनं सवाष्णींच्या ओट्या भरायच्या नसतात असं एक शेजारीण म्हणाली, तर आत्यानं एका वाक्यात निकाल लावला, "नद्यांच्या तिनंच भरल्या, बायकांच्या दुसऱ्या कोणी काहून भरायच्या?" आयुष्यभर रिवाजाला मान खाली घालणारी ही बाई रिवाज वाकवत होती, आणि तोही माझ्या जोरावर.

संत्री आणायला आम्ही सकाळी कळमन्याच्या फळबाजारात गेलो. ढिगापाशी बसलेल्या माणसाला ती म्हणाली, "चांगली निवडून दे गा, ओटीत घालायची हायेत. या पोरीनं परदेशात अकरा नद्यांच्या ओट्या भरल्या." त्यानं माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं आणि वर दोन संत्री जास्त घातली, की मी ती दोन्ही ढिगात परत ठेवली. तो म्हणाला, ठेवा ना ताई. मी त्याच्यावर उगाचच खेकसले.

शुक्रवारी अकरा बायका आल्या. सगळी आत्याची गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या अंगात तिचेच ब्लाउज. पुढच्या खोलीतलं मशीन भिंतीला सरकवून सतरंजी घातली होती. आत्या स्वतः पुढं आली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत, मापांची वही उलटी धरून उभी राहिली आणि तिथून वाचायला लागली.

"ही ऱ्हाइन. पाणी थंड."

मी पहिल्या बाईला हळद-कुंकू लावलं, ओंजळीनं तांदूळ घातले, खण, नारळ, संत्री. बोटं पिवळी झाली.

"ही लतावा. पाणी थंड. तिथं हंस होते."

तांदूळ माझ्या हातून सांडत होते. बायकांना वाटलं, पोर हळवी झालीय. सातव्या-आठव्या नदीला एक लठ्ठशी बाई हसून म्हणाली, "सगळ्याच थंड काय वं? एकादी तरी कोमट असन!"

आत्या उंबऱ्याआडून फणकारली, "बर्फाचे डोंगर हायेत तिकडं. तिनं हात घातला ना पाण्यात, तुले जास्त समजते काय?"

सगळ्या हसल्या. मी खाली मान घालून स्वित्झर्लंडच्या नदीची ओटी भरली. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते, पण सतरंजी होती तिथंच होती आणि अजून तीन बायका बाकी होत्या.

शेवटी दोघीजणी मागं थांबल्या. रविवारी महिला मंडळाची बस नर्मदेला निघणार होती. "तुझी जागा ठेवली हाय," त्या आत्याला म्हणाल्या.

"नाही येत यंदा," आत्या म्हणाली. "देऊन टाका कोणाले."

"काहून वं? दरसाल येतेस."

"दरसाल येऊन काय करते मी? तुम्ही खाली जाऊन ओट्या भरता, मी घाटावर बसून तुमच्या चपला राखते. यंदा माझ्या अकरा भरल्या. आपल्या पोरीच्या हातानं. आता काही राहिलं नाही."

ती हे सहज बोलली, बोलता बोलता सतरंजीवरचे तांदूळ वेचत होती. दर वर्षी नर्मदेहून आलेली आत्या इतकी गप्प का असायची, ते मला त्या दिवशी समजलं.

संध्याकाळी ती मशीनवर बसली तेव्हा मी सांगितलं. एका दमात, काही न वगळता. पूल, पुण्याची मुलगी, रद्द झालेली गाडी, पोहे. सांगताना मी रडले, आणि रडण्याचीही मला लाज वाटली, कारण रडायचं माझं काही कारण नव्हतं. तिनं मशीन थांबवलं नाही. ब्लाउजची कड दुमडून शिवत होती, ती शिवण टोकापर्यंत नेली, कापड फिरवलं.

मग म्हणाली, "हळद कशात टाकली म्हणतेस?"

"पोह्यात."

"कांदा होता काय त्यात?"

"होता."

तिनं दोरा तोडला. "हात तरी बुडवला काय एखादीत?"

"नाही."

"एकात बी नाही?"

"नाही, आत्या."

ती ओरडेल, निदान माझ्या वडिलांना फोन लावेल असं मला वाटत होतं. मी वाटच पाहत होते म्हणा ना. तिनं खण उघडून वही आत ठेवली आणि खण लावून घेतला. "जेवून घे," ती म्हणाली. "वरण गरम हाय."

मी त्या दोघींपैकी एकीच्या घरी धावत गेले. आत्याची जागा मंडळातल्या कोणाच्या तरी बहिणीला देऊन झाली होती, आणि बस भरली होती. मी हात जोडले, आत्या बसमध्ये उभ्यानंही येईल म्हटलं, काहीबाही बोलले. "पण तीच नाही म्हणाली ना," त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. मी परत आले तेव्हा आत्या भांडी घासत होती, मी कुठं गेले होते ते तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधीच उठले होते. ती न्हाणीघरात गेली, कडी लागली, बादली भरली. मी दाराबाहेर उभी राहिले. श्लोक झाला. मग हजेरी सुरू झाली, रोजच्यासारखी सावकाश. गंगा. यमुना. गोदावरी. सरस्वती. नर्मदा. सिंधू. कावेरी.

मी थांबून राहिले. आतून तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला, मग अंगावर पाणी ओतल्याचा, आणि मग पुन्हा तांब्याचा.